दोन काठ्या आणि एक दोरी: यहेज्केल ३७ शिकवताना या चुका टाळा

संडे स्कूलमध्ये पहिल्यांदा हा धडा घेतला तेव्हा मी जय्यत तयारीने गेलो होतो. कडुनिंबाच्या दोन काटक्या सोलून आणल्या, एकीवर 'यहूदा' लिहिलं, दुसरीवर 'योसेफ', आणि मुलांसमोर लाल दोऱ्याने दोन्ही घट्ट बांधून दाखवल्या. मुलं खूश झाली. मागच्या बाकावर नातवाला घेऊन बसलेल्या एका आजींनी मात्र वर्ग सुटल्यावर बायबल उघडून विचारलं, "अरे, ही दोरी कुठल्या वचनात आहे?"

दोरी कुठेच नव्हती. उताऱ्यात देव यहेज्केल संदेष्ट्याला एवढंच सांगतो की दोन काठ्या घे, एकीवर यहूदाचं, म्हणजे दक्षिणेच्या राज्याचं नाव लिही, दुसरीवर योसेफाचं, म्हणजे एफ्राईम किंवा उत्तरेच्या राज्याचं, आणि त्या हातात एक करून धर. यहेज्केल ३७:१५-२८ मी कितीदा तरी वाचला होता, पण दोरी आली होती भलत्याच गोष्टीतून. तेव्हापासून या उताऱ्यावरची प्रवचनं, अभ्यासाच्या वह्या आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे 'गूढ अर्थ' मी जरा सावधपणे ऐकतो, वाचतो. चुका ठरलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच अशा की वाचणारा आणखी पाच वचनं पुढे गेला असता तर टळल्या असत्या.

ही मोळीची गोष्ट नाही

काठ्या म्हटलं की आपल्याला शाळेतला तो म्हातारा बाप आणि त्याची भांडखोर मुलं आठवतात. सुटी काठी मोडते, मोळी मोडत नाही, एकी हेच बळ. माझी दोरी तिथली. अनेक पाळकही नकळत हाच संदेश देऊन बसतात: भावांनो, एकत्र या, बळकट व्हाल. सल्ला चांगला आहे, पण यहेज्केलचा नाही.

यहेज्केल काठ्या बांधत नाही. त्या एकमेकींजवळ आणून मुठीत धरतो. टोकाला टोक लावून धरल्या असाव्यात असं बरेच अभ्यासक मानतात, म्हणजे सांधा मुठीत लपतो आणि पाहणाऱ्याला एकच काठी दिसते. मूठ सोडली की काठ्या पुन्हा दोन. म्हणून या उताऱ्यात नजर ठेवायची ती हातावर. १७व्या वचनात त्या संदेष्ट्याच्या हातात एक होतात. १९व्या वचनात परमेश्वर तोच हात आपला करतो: माझ्या हातात त्या एक होतील. काठ्यांच्या अंगी एक होण्याची काही ताकद आहे असं उताऱ्यात कुठेच नाही.

आणि तशी ताकद तेव्हा होतीही कुठे? शलमोनाच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ९३१च्या सुमारास, त्याचा मुलगा रहबाम शखेमला गेला. लोकांनी जू हलकं करण्याची विनंती केली, त्याने ते आणखी जड करण्याची धमकी दिली. उत्तरेचे वंश फुटले आणि एफ्राईमी यराबामाला राजा करून बसले. लोकांनी यरुशलेमला जाऊ नये म्हणून त्याने बेथेल आणि दान इथे सोन्याची वासरं उभी केली. पुढे इ.स.पू. ७२२मध्ये अश्शूरने उत्तरेची राजधानी शोमरोन घेतली आणि उत्तरेचं राज्य संपलं. यहेज्केल स्वतः इ.स.पू. ५९७मध्ये राजा यहोयाखीनबरोबर बाबेलला नेलेल्यांपैकी, खबार नदीकाठचा बंदिवान. यरुशलेम पडल्याची बातमी त्याला ३३व्या अध्यायात मिळते आणि आपला उतारा त्यानंतर येतो. म्हणजे यहूदाची काठी नुकती मोडलेली, आणि एफ्राईमची मोडून एकशेतीसहून अधिक वर्षं झालेली. ज्यांच्या पणजोबांचं राज्य बुडालं त्यांना 'एकी करा' असं कोण सांगणार? बैठकीला एक पक्ष हजरच नाही.

हे चित्र वर्गात आधी उभं करा, निदान दहा मिनिटं द्या. मग २१व्या वचनात परमेश्वर 'मी घेईन, मी गोळा करीन, मी आणीन' अशी क्रियापदांची रांग लावतो तेव्हा ऐकणाऱ्यांना ती जड वाटते. एरवी ती नुसती वाचून पुढे जातात.

अठराव्या वचनातला प्रश्न वगळू नका

लोक तुला विचारतील, याचा अर्थ आम्हाला सांगत नाहीस का, असं १८वं वचन म्हणतं. आणि लगेच १९ ते २२मध्ये अर्थ सांगितलेला आहे. चिन्ह स्वतःच उलगडून दिलेलं असताना आपण त्याला दुसरा अर्थ लावत बसतो, ही या उताऱ्यावरची सर्वांत जुनी खोड.

प्रसिद्ध उदाहरण मॉर्मन पंथाचं. त्यांच्या मते यहूदाची काठी म्हणजे बायबल आणि योसेफाची काठी म्हणजे १८३०मध्ये न्यूयॉर्क राज्यात छापलेलं 'मॉर्मनचं पुस्तक'. काठी म्हणजे गुंडाळीचा दांडा किंवा लिहिण्याची लाकडी पाटी, असा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच हवेतला नाही. मूळ हिब्रू शब्दाचा साधा अर्थ 'लाकूड', आणि जुन्या अरामी भाषांतराने इथे पाटीच घेतली आहे. ग्रीक भाषांतराने मात्र काठी, दंड. पण पाटी धरली तरी फरक पडत नाही, कारण उलगडा काठ्यांच्या आकारावर टांगलेला नाही. २२वं वचन सांगतं की एक राष्ट्र होईल आणि त्यांच्यावर एक राजा असेल. राष्ट्राला राजा असतो, ग्रंथाला नसतो. त्यांचे तरुण प्रचारक दारात आले तर हिब्रूवर वाद घालू नका. चहा द्या आणि १८ ते २२ एकत्र वाचा.

त्यांना हसण्याआधी मात्र आपली प्रवचनं तपासा. दोन काठ्या म्हणजे जुना आणि नवा करार, नियमशास्त्र आणि कृपा, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, हे सगळं मी मराठी व्यासपीठांवरून ऐकलेलं आहे. एका लग्नात तर नवरा आणि नवरी. पद्धत तीच, फक्त शेजारच्याची दिसते आणि आपली दिसत नाही.

दहा वंशांचा हिशेब

'हरवलेले दहा वंश', म्हणजे अश्शूरने नेले ते उत्तरेचे वंश, हा शब्दप्रयोग इतका तोंडात बसला आहे की तो यहेज्केलमध्ये असणारच असं वाटतं. तो नाही. १६वं वचन नीट वाचा. एका काठीवर यहूदा 'आणि त्याचे सोबती' इस्राएल लोक, दुसरीवर योसेफ, एफ्राईमची काठी, 'आणि त्याचे सोबती' सर्व इस्राएल घराणं. सोबती दोन्हीकडे आहेत, त्यामुळे 'इकडे दोन, तिकडे दहा' असा सरळ भाग जात नाही. बन्यामीन यहूदाबरोबर राहिला, शिमोनाचा वाटा तर यहूदाच्याच हद्दीत होता. फूट पडताच उत्तरेचे लेवी दक्षिणेला आले. पुढे यहूदाचा राजा आसा याच्या काळात एफ्राईम, मनश्शे, शिमोन यांच्यातली माणसं येऊन मिळाली (२ इतिहास १५:९), आणि शोमरोन पडल्यानंतर राजा हिज्कीयाच्या वल्हांडण सणाला आशेर, मनश्शे, जबुलून यांच्यातले काही जण यरुशलेमला आले (२ इतिहास ३०:११).

अश्शूरने सगळा उत्तर भाग झाडून नेला, हेही खरं नाही. सार्गोन राजाच्या शिलालेखात शोमरोनचे २७,२९० लोक नेल्याचा दावा आहे. आकडा मोठा, पण ते आख्खं राज्य नव्हे. काही नेले, काही मागे राहिले, काही दक्षिणेला पळाले. त्याच सुमारास यरुशलेम शहर झपाट्याने वाढल्याचं उत्खननात दिसतं आणि त्यामागे उत्तरेचे निर्वासित असावेत असं अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. बंदिवासानंतर मंदिराच्या समर्पणात बारा वंशांसाठी बारा बोकड अर्पण झाले (एज्रा ६:१७). आणि बाळ येशूला मंदिरात पाहणारी हन्ना आशेर वंशाची होती. लूकने हे एका ओळीत सांगितलं आहे आणि आपण ते हमखास गाळतो.

हिशेब चुकला की शोधमोहीम सुरू होते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये अँग्लो-सॅक्सन लोक हेच एफ्राईम, असा पंथच निघाला. ज्यांच्याकडे साम्राज्य होतं त्यांना आपणच आशीर्वादित काठी असल्याचा शोध लागावा, हे सोयीचंच होतं. आपल्याकडे याची झळ कोकणातल्या यहूदी बेने इस्राएल समाजाला लागली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरा. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून कोकणात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. समाजाचं नाव 'इस्राएलची मुलं', त्यात बाकीच्या यहुद्यांपासून लांब राहिलेला. एवढ्यावर कित्येकांनी त्यांना दहा वंशांत बसवलं. त्यांना इस्राएलमध्ये सर्व बाबतीत यहूदी मानण्याचा सरकारी निर्णय १९६४मध्ये झाला, तोही बऱ्याच झगड्यानंतर. ईशान्येला मिझोराम-मणिपूरमधला बनेई मनाशे समाज स्वतःला मनश्शेचे वंशज मानतो, आणि २००५मध्ये इस्राएलच्या एका मुख्य रब्बींनी त्या दाव्याला मान्यता दिली. या समाजांची कहाणी त्यांची आहे, आदराने ऐकावी. आपल्या भविष्यवाणीच्या तक्त्यातली रिकामी चौकट भरायला ती नाही.

याच चुकीचा नवा अवतार इंटरनेटवर भेटतो: परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेली, ख्रिस्ती माणसं हीच रक्ताने एफ्राईम, त्यांना फक्त ते ठाऊक नाही. आधार म्हणून होशेय संदेष्ट्याचं 'माझे लोक नव्हेत ते माझे लोक' हे वचन देतात, कारण प्रेषित पौल ते रोमकरांस ९मध्ये परराष्ट्रीयांना लावतो. पण पौलाचा मुद्दा दयेचा आहे, वंशावळीचा नाही. दोनच अध्याय पुढे तो परराष्ट्रीयांना रानटी जैतुनाची फांदी म्हणतो. ते एफ्राईमच असते तर रानटी कशाला म्हटलं असतं?

पंचांग मांडू नका

इथे थोडक्यातच लिहितो, कारण या विषयावर माणसं लवकर तापतात. १४ मे १९४८ला इस्राएल राष्ट्र स्थापन झालं. 'यहेज्केल ३७ पूर्ण झालं' हे वाक्य तेव्हापासून फिरतं आहे. याच अध्यायाच्या सुरुवातीला वाळलेल्या हाडांचं खोरं जिवंत होण्याचा दृष्टांत आहे. त्या हाडांना मांस चढलं, अजून श्वास यायचा आहे, असं काही विश्वासू अभ्यासक मानतात. दुसरे तितकेच विश्वासू अभ्यासक म्हणतात की वचनाचा रोख ख्रिस्ताकडे आहे, एखाद्या आधुनिक राष्ट्राकडे नाही. मतभेद जुना आहे आणि एका रविवारी मिटणार नाही. पण 'पूर्ण झालं' म्हणण्याआधी उताऱ्यातल्याच खुणा ताडून पाहा: दावीदाच्या घराण्यातला एकच राजा आणि मेंढपाळ, मूर्तींपासून शुद्धी, शांतीचा सार्वकालिक करार, लोकांमध्ये देवाचं पवित्रस्थान. बाबेलहून परतले तेव्हाही हे सगळं जुळलं नव्हतं. परतलेल्यांचा पुढारी जरूब्बाबेल दावीदवंशी खरा, पण इराणी सम्राटाचा सुभेदार, राजा नव्हे. आणि त्या भूमीत आज अरब ख्रिस्ती मंडळ्याही आहेत, त्यांच्याही हातात हाच यहेज्केल असतो, हे व्यासपीठावरून बोलताना ध्यानात असू द्या.

शोमरोन ओलांडून उडी मारू नका

आपल्या मंडळ्यांत उतारा समजावण्याची ठरलेली वाट अशी: यहेज्केल ३७, तिथून थेट इफिसकरांस २, मधली भिंत पाडली, दोघांचा एक केला, आमेन. वाट चुकीची नाही. इरेनियस या बिशपने दुसऱ्या शतकातच लिहिलं होतं की क्रूसावर पसरलेल्या दोन हातांनी ख्रिस्ताने दोन लोकांना एका देवाकडे गोळा केलं. पण इफिसकरांस पत्रातले दोघे म्हणजे यहूदी आणि परराष्ट्रीय. यहेज्केलमधले दोघे यहूदा आणि एफ्राईम. मधला मुक्काम गाळला तर एफ्राईमला दिलेलं अभिवचन वाटेतच सांडतं. प्रेषितांची कृत्ये १:८मध्ये क्रम आहे: यरुशलेम, यहूदीया, मग शोमरोन, आणि त्यानंतर पृथ्वीची टोकं.

योहान ४ उघडा. सूखार गाव, याकोबाने योसेफाला दिलेल्या शेताजवळ. योहान हे मुद्दाम सांगतो. शेजारी शखेम, जिथे रहबामाच्या तोंडाळपणाने राज्य फुटलं. योसेफाची हाडं मिसरातून आणून पुरली तीही शखेमलाच (यहोशवा २४:३२). तिथल्या विहिरीवर यहूदा वंशातला, दावीदाच्या घराण्यातला येशू बसला आहे आणि योसेफाच्या भूमीतली स्त्री पाणी भरायला येते. ती 'आमचा बाप याकोब' म्हणते. शोमरोनी लोक स्वतःला एफ्राईम-मनश्शेचे वंशज मानत, आजही गरिज्जीम डोंगरावर आणि तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये राहणारा त्यांचा छोटा समाज तेच मानतो. यहूदी त्यांना अश्शूरने आणून वसवलेल्या परक्यांची भेसळ समजत. त्यांचं गरिज्जीमवरचं मंदिर यहूदी महायाजक आणि राज्यकर्ता हुर्कानस याच्या सैन्याने इ.स.पू. ११०च्या सुमारास पाडलं होतं. उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात, हा प्रश्न ती काढते त्यामागे ही जखम आहे. येशूच्या उत्तरात दोन गोष्टी आहेत: तारण यहूद्यांतून आहे, आणि उपासना या डोंगरावरही नाही, यरुशलेमातही नाही. यहूदाची काठी तो टाकून देत नाही आणि योसेफाची मोडत नाही.

सहा अध्यायांनंतर तो दुसऱ्या मेंढरांबद्दल बोलतो, एक कळप, एक मेंढपाळ. हे शब्द यहेज्केल ३४ आणि ३७ जाणणाऱ्याच्या कानाला ओळखीचे लागतात. योहान यहेज्केलचं नाव मात्र घेत नाही, तेव्हा 'इथे पूर्ण झालं' असा शिक्का मारू नका. 'इथे ऐकू येतं' एवढं म्हणा.

मग प्रेषितांची कृत्ये ८. फिलिप्प शोमरोनात जातो, माणसं विश्वास ठेवतात, आणि यरुशलेमहून पेत्र आणि योहान येऊन त्यांच्यावर हात ठेवतात. हाच योहान शोमरोन्यांच्या एका गावावर आकाशातून आग पाडू का म्हणून विचारत होता (लूक ९:५४). हा प्रसंग पवित्र आत्म्याच्या वादासाठी नेहमी उघडला जातो. यहूदा आणि योसेफाच्या संदर्भात तो उघडलेला मी फारसा ऐकला नाही.

इथेच उलट बाजूची चूकही होते. मंडळी हेच नवं इस्राएल, आता यहूद्यांचा हिशेब बंद, असं म्हणत जाणं. रोमकरांस ११च्या पहिल्याच वचनात पौल विचारतो, देवाने आपल्या लोकांना टाकलं काय? उत्तर: कधीच नाही. शिवाय यहेज्केलच्या कृतीत एक काठी दुसरीची जागा घेत नाही. यहूदी सभास्थानात हा उतारा उत्पत्ती ४४:१८पासूनच्या भागाबरोबर वाचतात, जिथे यहूदा पुढे होऊन बन्यामीनऐवजी स्वतःला गुलाम म्हणून देऊ करतो आणि योसेफाला रडू आवरत नाही. धडा घेण्याआधी तो भाग वाचाच. दोन्ही काठ्यांवरची नावं आधी भावांची होती, हे त्यात दिसतं.

लागू करणं वेगळं, अर्थ वेगळा

२००९च्या ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताहाचा विषय यहेज्केल ३७:१७वरून घेतला होता आणि साहित्य कोरियातल्या मंडळ्यांनी तयार केलं होतं. दुभंगलेल्या देशातल्या माणसांनी तो उतारा का निवडला, हे सांगावं लागत नाही. आपल्याकडेही २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि अशा वर्धापनदिनी हे वचन वाचावंसं वाटणं साहजिक आहे. वाचा. फक्त 'देव तुटलेलं जोडतो, म्हणून आम्ही त्याच्याकडे मागतो' इथवर राहा. 'आमचं विलीनीकरण भविष्यवाणीत लिहिलं होतं' म्हणालात तर उद्या मालमत्तेचा खटला उभा राहिला की लोक भविष्यवाणीलाच दोष देतील.

किरकोळ घोटाळे आणखी काही. जखऱ्या ११मध्येही दोन काठ्या आहेत, पण तिथे दुसरी मोडून टाकली जाते आणि यहूदा-इस्राएलचं भाऊपण तुटतं. दोन्ही उतारे एका तक्त्यात घालून मी एकदा तासभर गोंधळ घातला आहे. २४व्या वचनातला 'माझा सेवक दावीद' म्हणजे कबरेतून उठून आलेला जुना दावीद नव्हे. तो जाऊन तेव्हा चारशेच्या आसपास वर्षं झाली होती आणि ख्रिस्ती वाचक इथे त्याच्या वंशातला मसीहा वाचतात. हाडांच्या खोऱ्याचं वचन अंत्यविधीला वाचायला हरकत नाही, पण ११व्या वचनात ती हाडं म्हणजे इस्राएलाचं सगळं घराणं असं स्पष्ट म्हटलं आहे, तेही सांगा.

आणि वर्गात काठ्या दाखवणार असाल तर वीतभरच घ्या. लांब घेतल्या की टोकं जुळवताना हलतात, सांधा मुठीबाहेर दिसतो, आणि पहिल्या रांगेतलं एखादं पोर लगेच बोट दाखवतं.